चारशे नव्याण्णवमध्ये लाइफटाइम

विंडोजची की, म्हणजे ते अधिकृत करणारा परवान्याचा कोड, ऑनलाइन स्वस्तात घ्यायचं मनावर घेतलंच असेल तर पहिली गोष्ट, तुमच्या लॅपटॉपला आधीच लायसन आहे का हे चुकूनही बघू नका. विंडोज ८ च्या काळापासून बऱ्याचशा ब्रँडेड लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच की लिहून येते, फॉरमॅट मारा, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, काही करा, मूळ एडिशन परत टाकून नेट चालू केलं की बहुतेक वेळा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. पण आपल्याकडे फॉरमॅट आपण मारत नाही, कोपऱ्यावरचा रिपेअरिंगवाला मारतो, आणि त्याच्या पेनड्राइव्हमध्ये जे असतं ते टाकतो, आणि त्याच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोजचं महागडं एडिशन, प्रो असतं. तुमच्या लॅपटॉपला आलं होतं साधं घरगुती एडिशन, होम सिंगल लँग्वेज. मग थोड्या दिवसांनी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' असं फिकट अक्षरात उमटतं, तुम्ही त्याला फोन लावता आणि तो म्हणतो, "दादा, की टाकावी लागंल, ऑनलाइन भेटती की पाचशेला." झालं, नारळ फुटला.

होम परत टाकून फुकटात सुटायचा विचार मनात आला तर तो झटका. आता प्रोच पाहिजे. प्रोमध्ये डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर आहे, दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने आपल्या मशीनवर येता येतं, ऑफिसच्या डोमेनला, म्हणजे सामायिक नेटवर्कला जोडता येतं, मशीनला नियम लावून देणारी ग्रुप पॉलिसी आहे, आणि तुम्हाला यातलं काय लागतं तर टॅली, यूट्यूब आणि लाइटबिल भरणं. म्हणजे प्रोशिवाय भागणारच नाही.

किमतीकडे वळू. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अमेरिकेतल्या साइटवर होम १३९ डॉलर आणि प्रो १९९ डॉलर, आपल्याकडेही प्रोसाठी पाच आकडी रक्कम मोजावी लागते. आणि इथे एक भला माणूस तीच वस्तू चारशे नव्याण्णवला देतोय, त्याच्या शेजारचा एकशे नव्याण्णवला. एरवी कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी महाग सांगितली तर 'का हो?' विचारणारे आपण, इथे मात्र काही विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर कळेल आणि उत्तर कळलं तर खरेदीतली मजा जाते.

तरी कुणी खोदून विचारलंच तर सांगतो. तुम्हाला येतात ती फक्त २५ अक्षरं, पाच-पाचच्या पाच गटांत. ती कुठून आली याच्या चार-पाच वाटा आहेत. कधी कुठल्यातरी कंपनीच्या भंगारात निघालेल्या जुन्या मशीनची ओईएम, म्हणजे मशीनबरोबरच आलेली की असते, जी त्या मदरबोर्डबरोबरच संपायला हवी होती. कधी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी दिलेली असते. आणि कधी कुठल्यातरी मोठ्या ऑफिसने शेकडो मशीनसाठी घेतलेली एमएके प्रकारची व्हॉल्यूम की असते, तिच्यावर ठराविकच अ‍ॅक्टिव्हेशन असतात, ऑफिसच्या गरजेपेक्षा उरतात त्या कुणीतरी बाहेर सोडतं आणि विक्रेता तीच एक की गिऱ्हाइकांना वाटत बसतो, संपेपर्यंत. तुमचा नंबर संपायच्या आधी लागला तर तुम्ही जिनियस, नंतर लागला तर विक्रेता म्हणणार, तुमचं इंटरनेट स्लो. यातल्या कुठल्याच वाटेने लायसन तुमच्या नावावर होत नाही, ते त्या ऑफिसचं किंवा कॉलेजचंच राहतं, पण हिरवी टिक दिसली ना, मग नाव कशाला पाहिजे.

सगळ्यात सुंदर प्रकार केएमएस. यात विक्रेता काळी खिडकी उघडायला लावतो, दोन-तीन कमांड पेस्ट करायला लावतो, आणि तुमचं मशीन त्याच्या कुठल्यातरी सर्व्हरला जोडून देतो. मुळात ही सोय मोठ्या ऑफिसांच्या स्वतःच्या सर्व्हरसाठी आहे, किमान २५ मशीन असल्याशिवाय तो सर्व्हर विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करतच नाही. असं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि मशीन साधारण दर ७ दिवसांनी त्या सर्व्हरला जाऊन विचारतं, आहेस ना? सर्व्हर असेल तोवर ठीक. नसेल तर साधारण सहा महिन्यांनी कोपऱ्यातली अक्षरं परत, आणि तोवर रिटर्नची मुदत उलटून जमाना झालेला असतो. हे आधीच कळायचं असेल तर स्टार्टमध्ये सीएमडी, म्हणजे तीच काळी खिडकी उघडून 'एसएलएमजीआर', स्पेस, स्लॅश, 'एक्सपीआर' असं इंग्रजीत टाइप केलं की छोटी खिडकी येते आणि त्यात कायमचं आहे की अमुक तारखेला संपणार आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून ती कमांड टाकू नका. उगाच तारीख कळून झोप उडायची.

रिव्ह्यू मात्र जरूर वाचा, पण वाचायची पद्धत असते. पाच स्टारवाले सगळे की टाकली त्याच संध्याकाळी लिहिलेले असतात, 'वर्किंग फाइन, थँक्यू सर'. एक स्टारवाले चार-सहा महिन्यांनी आलेले असतात. ते खाली जाऊन शोधावे लागतात, आणि एवढं खाली जायला आपल्याला वेळ कुठे असतो.

आता समजा, ती की चाललीच नाही. घाबरू नका, हा पॅकेजचाच भाग आहे. एररचा जो कोड आलाय त्याच्या शेवटी सी००४सी००८ असेल तर की तिच्या मर्यादेपेक्षा जास्त ठिकाणी वापरून झालीय, सी००४सी००३ असेल तर कंपनीने ती ब्लॉकच केलीय. तुम्ही हे बघत न बसता स्क्रीनचा मोबाईलने तिरका फोटो काढा, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नीट पडलंय याची खात्री करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पलीकडून उत्तर येईल, 'काइंडली वेट सर'. मग दोन तासांनी, 'सर आधी फाइव्ह स्टार टाका, स्क्रीनशॉट पाठवा, मग रिप्लेसमेंट देतो'. न चाललेल्या वस्तूला पाच स्टार द्यायचे आणि मग ती चालते का बघायचं, हा क्रम एकदा अंगवळणी पडला की पुढचं सगळं सोपं जातं.

रिप्लेसमेंट म्हणजे २०२५ संपेपर्यंत तरी बहुतेक वेळा फोन अ‍ॅक्टिव्हेशन. तिथे खरी करमणूक होती. स्क्रीनवर इन्स्टॉलेशन आयडी यायचा, सात-सात आकड्यांचे नऊ गट, म्हणजे ६३ आकडे. ते घरातल्या कुणालातरी चष्मा लावून वाचायला बसवायचं, आपण टाइप करायचं, पाचव्या गटात कुकरची शिट्टी व्हायची, ती व्यक्ती उठून जायची, परत आल्यावर 'कुठवर आलो होतो गं' इथून सुरुवात. ऑटोमॅटिक आवाज विचारायचा, ही विंडोज किती कॉम्प्युटरवर टाकलीय? विक्रेत्याने आधीच बजावलेलं असायचं, 'सर, एकच सांगायचं'. म्हणजे खोटं बोलायचं काम तेवढं तुमच्याकडे, बाकी सगळं तो बघायचा. मग पलीकडून ४८ आकडे यायचे, ए ते एच अशा आठ खणांत भरायला, आणि एक चुकला की पहिल्यापासून. आता विक्रेता थेट म्हणतो की रिमोटचं अ‍ॅप टाका, त्यावर दिसतो तो नंबर द्या, अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करा, मी करतो. अवश्य द्या. शेजारच्या टॅबमध्ये नेटबँकिंग उघडं राहिलं असेल तर बंद करायची घाई नको, अनोळखी माणसावर विश्वास दाखवायला अशी संधी रोज येत नाही. पुढे काही झालंच तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, तोही फोनच, तुम्हाला आता आकड्यांची सवय झालेली असेल.

विंडोज १० वर असाल तर तुमच्यासाठी वेगळी योजना. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे लगेच ११ ची की शोधायला लागा. लायसन असलेल्या १० वरून ११ ला जायला पैसे पडत नाहीत, ५ ऑक्टोबर २०२१ ला ११ आलं तेव्हापासून हेच चालू आहे, फक्त मशीन त्या लायकीचं लागतं, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप वगैरे. मशीन लायकीचं असेल तर की लागत नाही, आणि नसेल तर की घेऊन टीपीएम उगवत नाही. दोन्हीकडून की निरुपयोगी, म्हणूनच एवढी स्वस्त देत असतील बिचारे.

काही अरसिक लोक म्हणतील की अ‍ॅक्टिव्हेट न करताही विंडोज चालतं, कोपऱ्यात अक्षरं दिसतात आणि सेटिंगमधून वॉलपेपर बदलता येत नाही एवढंच. किंवा म्हणतील विंडोजऐवजी उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, फुकट आहे. दुर्लक्ष करा. साईबाबांचा फोटो स्क्रीनवर लावता येत नसेल तर कॉम्प्युटर घेतलाच कशाला?

ऑफिससाठी घेत असाल तर बिल अजिबात मागू नका. मागितलंत तर एक पीडीएफ येईल, त्यात जीएसटी नंबरच्या जागी 'थँक्स फॉर शॉपिंग' असेल, आणि सीए तो कागद बघून तुमच्याकडे बघेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३बी कलम आहे, जाणूनबुजून सॉफ्टवेअरची बेकायदा कॉपी वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी त्यात तरतूद आहे. आता बाहेरून घेतलेली की त्यात बसते का, यावर वकील लोक भांडतील, त्यांनाही पोट आहे. तुम्ही पंधरा मशीनवर मिळून किती हजार वाचवले ते एक्सेलमध्ये मांडून ठेवा, एक्सेलचीही की त्याच माणसाकडे मिळते.

आणि एकदा ती की चालली, हिरवी टिक दिसली, तर थांबू नका, त्याच मिनिटाला फॅमिली ग्रुपवर टाका. लिंक टाकू नका, कीच टाका, साडूने परत चारशे नव्याण्णव कशाला घालवायचे, आपली आहे ना! मेहुणी टाकेल, मेहुणीच्या ऑफिसातला तो मुलगा टाकेल, नागपूरचे काका दोन्ही मशीनला टाकतील. आणि चार-पाच महिन्यांनी कोपऱ्यात परत अक्षरं उमटली की ग्रुपवर तुम्हीच पहिला मेसेज टाका, 'काय फसवणूक चाललीय लोकांची'.