चिनी हात घाणेरडे ठरले, आणि आसामचे हात दिसलेच नाहीत

आसामच्या चहाने लंडनच्या बाजारात चिनी चहाला हरवलं, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. तो बाजार कसल्या प्रचारावर जिंकला हे कळल्यापासून मला त्यात अभिमान वाटत नाही.

1839 मध्ये आसामच्या चहाच्या अवघ्या 8 पेट्या लंडनमध्ये लिलावात विकल्या गेल्या. पुढे कित्येक वर्षं ब्रिटिश गिऱ्हाइकाला सवय चिनी चहाचीच होती. ती मोडण्यासाठी हिंदुस्थानी चहाच्या व्यापाऱ्यांनी एकच सूर धरला: चिनी चहा घामट हातांनी वळलेला, पायांनी तुडवलेला, आमचा मात्र यंत्रावर तयार झालेला, शुद्ध. चवीचा विषय निघण्याआधीच चिनी माणसाच्या अंगाची किळस विकली गेली.

चिनी चहात भेसळ असते, असंही म्हटलं जायचं. भेसळ होत होती, ते खरंच आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1848 मध्ये चीनमध्ये पाठवलेल्या रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाने हिरव्या चहाला प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्समची पांढरी पूड चोळताना पाहिलं. कारागिरांचे हात निळे झाले होते. पण त्यानेच हेही लिहून ठेवलंय, की चिनी लोक स्वतः असला रंगवलेला चहा पीत नाहीत. परदेशी गिऱ्हाइकाला तसा रंग आवडतो, म्हणून तो द्यायचा. म्हणजे मागणी गोऱ्यांची आणि बदनामी चिन्यांची! मला सर्वांत जास्त राग याचा येतो. सबंध खोट्यापेक्षा असं अर्धं खरं फार खोल रुजतं.

आणि ‘यंत्रावरचा चहा’ म्हणजे तरी काय? वळायला, सुकवायला यंत्रं आली, पण पानं खुडत होती माणसंच. छोटा नागपूरसारख्या भागांतून करारावर नेलेले आदिवासी मजूर, बायका, पोरं. 1865 च्या कायद्याने तर पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय धरायचा अधिकार खुद्द मळेवाल्याला दिला होता. मळे बहुतेक ब्रिटिश कंपन्यांचे, नफाही त्यांचाच. 1888 च्या सुमारास ब्रिटनमध्ये हिंदुस्थानी चहाची आयात चिनी चहाच्या पुढे गेली, तेव्हा जिंकलं कोण? खुडणारी बाई तर नक्कीच नाही.

आपल्याकडे मुळात चहा करायला शिकवलं कोणी, तेही सांगायला हवं. आसामात 1830 च्या दशकात चिनी कारागीर आणले गेले. 1851 मध्ये फॉर्च्यूननेही हिमालयातल्या मळ्यांसाठी रोपांबरोबर चिनी कारागीर आणले. ज्या हातांकडून पान वळायला शिकले, तेच हात पुढे घाणेरडे म्हणून दाखवले.