कॉल रेकॉर्डिंगच्या त्या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

सोलापुरातल्या यंत्रमागवाल्यांच्या आणि मार्केट यार्डातल्या आडत्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, सोबत ॲपची लिंक. मजकूर थोडक्यात असा: ‘तोंडी ऑर्डरीवर फसू नका. हे ॲप टाका. व्हॉट्सॲपसकट प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल, समोरच्याला पत्ता लागणार नाही. हे शंभर टक्के कायदेशीर आहे, कोर्टात एवढा पुरावा पुरतो. कामगारांच्या, घरच्यांच्या फोनमध्येही टाका.’

मेसेज एवढा का पसरला हे समजतं. चादरी-टॉवेलचा निम्मा धंदा फोनवरच ठरतो आणि माल पोचल्यावर ‘हा भाव मी बोललोच नव्हतो’ म्हणणारी पार्टी प्रत्येकाला कधी ना कधी भेटते. दुखणं खरं आहे, औषध मात्र घातक आहे.

‘प्रत्येक कॉल रेकॉर्ड होईल.’ होत नाही. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून बाहेरच्या ॲपना कॉलचा आवाज घेण्याच्या वाटा गूगलने एकेक करून बुजवल्या. काही ॲप मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे दिव्यांगांसाठी असलेल्या सोयीची, परवानगी वापरू लागली. ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲपना तीही मनाई झाली. ट्रूकॉलरनेसुद्धा तेव्हा आपली रेकॉर्डिंगची सोय काढली होती. त्यामुळे नव्या फोनवर असल्या ॲपमधून बहुतेक वेळा फक्त माईकचा आवाज मिळतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने मला असं रेकॉर्डिंग ऐकवलं. मागांचा खडखडाट, त्यात त्याचं स्वतःचं ‘हां, हां, बोला शेठ’, आणि शेठ बोलतात तिथे नुसता खडखडाट. भाव ज्याच्या तोंडून हवा होता, त्याचा एक शब्द नाही.

‘पत्ता लागणार नाही.’ हे फोनवर अवलंबून आहे. गूगलचं फोन ॲप रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं दोघांनाही ऐकवतं, आयफोनमध्ये २०२४ साली आलेली सोयही तसंच सांगते. काही कंपन्यांचे फोन सांगत नाहीत.

‘शंभर टक्के कायदेशीर.’ इथे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोका. आपण स्वतः ज्या बोलण्यात आहोत ते रेकॉर्ड करणं हा गुन्हा ठरवणारा थेट कायदा आपल्याकडे नाही. १९७२ च्या मलकानी खटल्यात, मुंबईच्या कॉरोनरने लाच मागितल्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने फोनवरचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून मानलं. जुलै २०२५ मध्ये नवरा-बायकोच्या वादातलं गुपचूप रेकॉर्डिंगही याच न्यायालयाने चालवून घेतलं. पण कामगाराच्या किंवा बायकोच्या फोनमध्ये न सांगता ॲप टाकून त्यांचं तिसऱ्याशी चाललेलं बोलणं ऐकायचं, ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली जाऊ शकते, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय. कारखान्यातली बाई आपल्या आईशी काय बोलते, ते ऐकायचा मालकाला काय अधिकार? मेसेजमधली ही ओळ पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

‘कोर्टात एवढा पुरावा पुरतो.’ आवाज कुणाचा, मध्ये कापाकापी झाली का, बोलणं नीट ऐकू येतं का, हे सगळं कोर्ट तपासतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून हा नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक आपण द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी तिची डिजिटल खूण, लिहावा लागतो. म्हणून ज्या फोनवर रेकॉर्डिंग झालं तो जपायचा, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकायचा नाही. फाइल कापायची नाही. व्हॉट्सॲपवरून वकिलांना पाठवलेली प्रत म्हणजे मूळ फाइल नव्हे. सोलापूरच्या पूर्वभागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, सौदा तेलुगूत सुरू होतो आणि मराठीत संपतो, तेव्हा त्याचं लेखी रूपांतर आणि भाषांतरही आलंच.

आता ती लिंक. ती प्ले स्टोअरवर नेत नाही, थेट एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप, उतरवते. खाली सूचना आहेत: प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप ओळखणारी गूगलची तपासणी) बंद करा, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ना परवानगी द्या, मग ॲक्सेसिबिलिटी चालू करा. अँड्रॉइड १३ पासून ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’चं हे कुलूप बाहेरून टाकलेल्या ॲपना मुद्दाम लावलंय, कारण ॲक्सेसिबिलिटी मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. त्याच फोनवर तुमचं बँकेचं ॲप आहे, ओटीपी येतात. ॲप टाकून झालं असेल तर इंटरनेट बंद करा, ते काढून टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

रेकॉर्डिंग हवंच असेल तर फोनच्या स्वतःच्या कॉल करायच्या ॲपमध्ये (डायलरमध्ये) ती सोय आहे का बघा. पण त्याहून सोपं म्हणजे फोन ठेवल्या ठेवल्या पार्टीला एक मेसेज टाका: ‘शेठ, आत्ता ठरल्याप्रमाणे टॉवेल इतके डझन, भाव इतका, पेमेंट इतक्या दिवसांत. बरोबर ना?’ त्यांचं ‘हो’ आल्याशिवाय गठ्ठे टेम्पोत चढवू नका.