'पोपट' म्हणणाऱ्या सरांना उत्तर

घरी शिकलेल्या मुलांच्या शिष्यवृत्ती-मुलाखतीवरच्या माझ्या लेखाखाली 'निवृत्त मुख्याध्यापक' या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी तिचा गाभा असा: "अहो बाई, ज्या पोराला शाळेची पायरी माहीत नाही त्याला दोन दिवसांच्या मुलाखतीसाठी सहा आठवडे पढवायचं, म्हणजे पोपट करून बाजारात बसवायचं. शाहू महाराजांच्या गावाला हे रिकामटेकड्या आयांचं खूळ शोभत नाही. महाराज असते तर दंड केला असता." त्याखाली खर्च, मार्क आणि 'समाजात मिसळणं' यांवर आणखी तीन परिच्छेद आहेत.

सर, आधी सुराबद्दल. मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'रिकामटेकड्या' हा शब्द तुम्ही तुमच्या शाळेच्या पालकसभेत तरी उच्चारला असता का? अकरा वर्षं मी या आयांबरोबर काम करते आहे. पहाटे मुलाचा अभ्यास, मग नोकरी, रात्री मुक्त विद्यालयाच्या (घरी शिकून बोर्डाची परीक्षा देता येते ते) स्वाध्यायांचे कागद. यातलं रिकामं काय आणि टेकायचं कधी, ते एकदा सांगा.

एक गोष्ट मान्य. लेखात मी बारा सराव मुलाखती लिहिल्या होत्या, त्या जास्त झाल्या. आठ पुरतात, दुरुस्ती केली आहे. दंडाचंही खरं आहे. १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणात मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता. तो होता पोरांना शिकूच न देणाऱ्यांसाठी. आणि खुद्द महाराज, राजकोटचं कॉलेज सोडल्यावर १८९० ते १८९४ धारवाडला फ्रेझर साहेब या खासगी शिक्षकाच्या हाताखाली शिकले, हे मुख्याध्यापकांना मी सांगायचं म्हणजे जरा अवघडच. महाराजांना या भांडणातून वगळू या.

आता पोपट. पढवणं आणि तालीम यांतला फरक कोल्हापुरात समजावून सांगावा लागतोय, याचं नवल वाटतं. पैलवान तालमीत रोज एकाच जोडीदाराशी लढला तर त्याला त्या एका माणसाचे डाव पाठ होतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरल्यावर नव्या गड्याचा हात कुठून येतो ते त्याला कळत नाही. घरी शिकलेल्या मुलाचं दुखणं नेमकं हेच. तो आई-बाबांशी, ठरावीक काका-मावशींशी झकास बोलतो, कारण ती माणसं त्याचं अर्धं वाक्य स्वतःच पुरं करतात. मुलाखतीत समोर तीन अनोळखी माणसं बसतात आणि त्यांच्यातलं कुणीही वाक्य पुरं करून देत नाही. त्यासाठी आठ सराव. पहिले दोन घरात, फोनवर चित्रित करून, फक्त बसणं, आवाज आणि हात बघायला. उरलेले सहा परक्या माणसांसमोर: बँकेतला अधिकारी, वकील, निवृत्त प्राध्यापक, दुकान चालवणारी बाई. प्रत्येक वेळी २५ मिनिटं, आई-बाबा खोलीबाहेर. एकाला आधीच सांगून ठेवायचं की मधेच तोडा. दुसऱ्याला सांगायचं की मूल बोलत असताना फोनमध्ये बघा. झाल्यावर मुलाला दोनच गोष्टी सांगायच्या, दहा नाहीत. शेवटचा सराव चार दिवस आधी, नंतर बंद, कारण त्यापुढे उत्तरं घट्ट होतात. आणि तुमच्या पोपटाचा बंदोबस्त लेखात होताच, तुम्ही तिथवर वाचत आला नाहीत: तेच वाक्य लागोपाठ दोन सरावांत जसंच्या तसं आलं की ते बाद. पुढच्या वेळी तोच मुद्दा दुसऱ्या शब्दांत.

उत्तरं लिहून द्यायची नाहीत, असंही लेखात स्पष्ट होतं. एका कार्डावर तीन शब्द, वाक्य एकही नाही. 'शाळेत का गेला नाहीस?' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. मुलं इथे 'आम्ही ठरवलं' म्हणतात आणि समोरच्याला त्यामागून आई बोलताना ऐकू येते. उत्तर मिनिटभराचं, 'मी'पासून सुरू होणारं, त्यात एक हाताला लागेल अशी गोष्ट आणि शाळांबद्दल एकही वाकडा शब्द नाही. समोरचे तिघेही शाळेतच शिकलेले असतात.

एक उदाहरण घ्या. समजा मुलाने पावसाळाभर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वहीत टिपली आहे. पढवलेलं मूल 'इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट' म्हणून गप्प बसतं. मग कुणीतरी विचारतं, 'हे ३९ कशावरून ठरवलं असेल?' तालीम झालेलं मूल चार सेकंद थांबतं (हे थांबणंही शिकवावं लागतं, घरात कुणी थांबू देत नाही) आणि म्हणतं, 'नक्की माहीत नाही. पण त्या उंचीला पाणी कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वस्तीत येतं ते बघून ठरवलं असावं. माझ्या वहीतल्या तारखा आणि रस्ते बंद झाल्याच्या बातम्या शेजारी लावून ते तपासता येईल.' हे पाठ कसं करून घ्यायचं ते तुम्हीच सांगा. मुलाखतीत दाखवायच्या कामांची जी फाइल मूल नेतं, तिच्यातल्या प्रत्येक कामावर आम्ही पाच वेळा 'कशावरून' विचारतो. तिसऱ्याला मूल अडलं तर ते काम फाइलीच्या पहिल्या पानावर ठेवायचं नाही, बस्स.

दोन दिवसांतली गटचर्चा ही मुलाखतीपेक्षा अवघड. आठ मुलं, २० मिनिटं, म्हणजे वाट्याला अडीच मिनिटं. मोठ्यांत वाढलेलं मूल एक तर पहिल्याच झटक्यात ती सगळी खर्च करतं, नाही तर कुणी 'तू बोल' म्हणेल म्हणून बसून राहतं. यावर उपाय शेजारची पाच-सहा पोरं गोळा करून तीनदा चर्चा घडवायची. एका मोठ्याने कागदावर फक्त रेघा मारायच्या: कोण किती वेळा बोललं, कुणी दुसऱ्याचं नाव घेऊन त्याच्या मुद्द्याला जोड दिली. रेघांचा कागद दाखवला की मुलाला काही सांगावं लागत नाही.

कागदांचं परत सांगते, कारण खरी माती तिथे होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मुलाखत वसंतात असेल तर बारावीचे निदान काही विषय ऑक्टोबरला उरकायचे, म्हणजे हातात छापील गुण असतात. स्वाध्यायांचे २० टक्के गुण असतात, त्यांना हसू नका. शिफारसपत्र आईचं नको, मावशीचंही नको. ज्याने मुलाचं काम प्रत्यक्ष पाहिलंय अशा बाहेरच्या माणसाचं हवं. आणि पायात नवी कोल्हापुरी घालून पाठवू नका. ती चावते, वर लाकडी फरशीवर कर्रकर्र वाजते. घालायचीच तर महिनाभर आधी तेल लावून वापरून मऊ करा.

खर्च, मार्क आणि समाजात मिसळणं या तुमच्या बाकी तीन परिच्छेदांवर मी लिहीत नाही. तिन्हींवर आधी लिहिलं आहे आणि प्रत्येक नव्या माणसाने विचारलं म्हणून परत तेच दळायला मला वेळ नाही. रिकामटेकडी असते तर दळलं असतं.

राहता राहिली एक गोष्ट. सरावाच्या सहा परक्या माणसांत मला नेहमी एक असा लागतो, ज्याला घरी शिकणं मुळातच पटत नाही. तो सहज मिळत नाही, ओळखीतले सगळे गोडच बोलतात. पुढची फेरी रविवारी आहे. पलीकडच्या खुर्चीत तुम्ही बसा. २५ मिनिटं, काय वाट्टेल ते विचारा, प्रश्न मुलाला आधी कळणार नाहीत. चहा मिळेल. फक्त मुलाला 'पोपट' म्हणायचं नाही, आणि त्याचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही.