स्वप्नं आठवत नाहीत म्हणून घाबरू नका

‘ज्यांना स्वप्नं पडत नाहीत त्यांचा मेंदू आजारी असतो’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. स्वप्न न पडणं वेगळं, न आठवणं वेगळं. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी झोपेतला एक टप्पा नोंदवला: बंद पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात. नेमकं तेव्हा उठवलं, तर बहुतेक जण ताजं स्वप्न सांगतात. ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ म्हणणारेसुद्धा बरेचदा. हा टप्पा साधारण दर दीड तासाने येतो. तो उलटून गेल्यावर जाग आली, की स्वप्न बहुधा विसरलेलं असतं. एवढ्यावरून कुणाला आजारी ठरवणं बरोबर नाही. कृपया तो चुकीचा मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.