मॅमथ नालायक नव्हता

आज डब्याच्या वेळी ऑफिसात कुणीतरी मोबाईलवर बातमी दाखवली. एक अमेरिकी कंपनी २०२८ पर्यंत मॅमथसारखं, म्हणजे हिमयुगातल्या नामशेष झालेल्या केसाळ हत्तीसारखं, पिल्लू जन्माला घालायचं म्हणतेय. त्यावर एक सहकारी म्हणाला, "टिकायची लायकी नव्हती म्हणूनच संपले ना? निसर्गाचा नियमच आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून डोकं फिरलंय.

लायकी? स्पेनपासून कॅनडापर्यंत काही लाख वर्षं हा प्राणी नांदला. अंगावर लांब केस, कातडीखाली चरबीचा जाड थर, थंडीने गारठू नयेत म्हणून इवलेसे कान. सव्वा लाख वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्यासारखीच तापली होती, तेव्हाही तो तगला. पुढच्या खेपेला हवा तापली तेव्हा मात्र भाले घेतलेली माणसं सगळीकडे पोचली होती. हवामानामुळे गवताळ माळ गेले, चरायला उरलं नाही, हे मान्य. पण तेवढंच सांगून आपण नामानिराळे होतो.

मी २०१४ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ल्यूबा पाहिलीय. सैबेरियातल्या यमाल भागात २००७ साली एका रेनडिअरपाळाला सापडलेलं महिनाभराचं पिल्लू. सुमारे बेचाळीस हजार वर्षं जुनं, आणि पापण्यांचे केससुद्धा शाबूत. चिखलात रुतून गेली बिचारी, सोंडेत चिखल भरलेला. माझी लेक तेव्हा लहान होती. काचेला नाक लावून तिने विचारलं, "बाबा, हिची आई कुठेय?" मला काही बोलता आलं नाही.

आणि सैबेरियाच्या उत्तरेचं रँगेल बेट! समुद्र चढला आणि मूठभर मॅमथ तिथे अडकले. जनुकांचा अभ्यास सांगतो, जास्तीत जास्त आठ. त्या आठांचे दोन-तीनशे झाले आणि सहा हजार वर्षं जगले. इकडे इजिप्तचे पिरॅमिड बांधून झाले, मोहेंजोदडो वसलं, तिकडे ते चरतच होते. चार हजार वर्षांपूर्वी अचानक संपले. ह्याला नालायक म्हणायचं?

ल्यूबाच्या पोटात आईचं दूध होतं, आणि मोठ्या मॅमथची विष्ठासुद्धा. हत्तीची पिल्लं आजही आईची विष्ठा खातात, त्यातल्या जिवाणूंमुळे गवत पचायला लागतं. कुठे चरायचं, पाणी कुठे, हेही कळपातल्या म्हाताऱ्या माद्याच दाखवतात. मग प्रयोगशाळेतल्या त्या पिल्लाला हे कोण देणार? माझ्या लेकीचा प्रश्न त्या कंपनीला विचारा. विज्ञान थोर आहे, त्यातून हत्तींवरची औषधंही निघतील, ठीक आहे.

पण मॅमथसारखं पिल्लू करायला जनुकं बदलणार आशियाई हत्तीच्या पेशींमधली, कारण मॅमथचा सगळ्यात जवळचा नातेवाईक तोच. तो अजून जिवंत आहे हो! रेल्वेखाली येतो, विजेच्या तारांना लागून मरतो. आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आहे. ज्यांच्या केळीच्या बागा तो तुडवतो त्यांचं नुकसान खरं आहे, भरपाई वेळेवर मिळायलाच हवी. पण "हाकला त्याला" लिहिणारे आणि मॅमथच्या बातमीवर बदाम टाकणारे एकाच ग्रुपवर, तीच माणसं असतात. हे मला सहन होत नाही.