पोरांना घटनेतलं काय कळतं?

गेल्या रविवारी एका साखरपुड्यात जेवायला माझ्या शेजारी एक काका आले. नात्यातलेच, त्यामुळे उठून दुसरीकडे बसायची सोय नव्हती. विषय कुठून निघाला देव जाणे, पण वरणभात संपायच्या आत त्यांनी निकाल देऊन टाकला: विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, घटना-बिटना मोठ्यांवर सोडावी, पोरांना त्यातलं काय कळतं? मी व्हेनेझुएलातल्या विद्यार्थी आंदोलनाचं नाव काढलं. ‘ते तेलवाले ना? त्यांचं वेगळं असतं,’ असं म्हणून त्यांनी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली.

असे काका घरोघरी आहेत. पण बिचाऱ्यांना पद्धतशीर मार्गदर्शन नाही, नुसत्या उत्साहावर चाललंय सगळं. तेव्हा विद्यार्थी घटनादुरुस्तीच्या विरोधात रस्त्यावर आले की सुजाण नागरिकाने काय काय करावं, ते सांगतो. उदाहरणं सगळी व्हेनेझुएलाच्या राजधानीतली, काराकासची, 2007 सालची. तेलवाल्यांचीच.

पहिली गोष्ट, मसुदा वाचू नका. वाचलात की संपलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी घटनेच्या 33 कलमांत बदल सुचवले. घटनाही परकी नव्हे, त्यांच्याच कारकिर्दीत 1999 साली सार्वमताने मंजूर झालेली. संसदेने त्या 33 ची 69 केली. विरोध कोण करणार? 2005 च्या निवडणुकीवर विरोधी पक्षांतल्या अनुभवी, जाणत्या मंडळींनी बहिष्कार टाकून अख्खं सभागृह सरकारला आंदण दिलं होतं. (हेच जाणते पुढे पोरांना राजकारण शिकवत होते.) मग सार्वमतासाठी 69 कलमांचे दोन गठ्ठे बांधले, 46 चा एक आणि 23 चा एक. प्रत्येक गठ्ठ्यावर एकच मत, हो किंवा नाही. आता पहिल्या गठ्ठ्यात काय होतं बघा. कामाचा दिवस आठ तासांवरून सहा तासांवर. फेरीवाले, टॅक्सीवाले यांना सामाजिक सुरक्षा. वा! आणि त्याच गठ्ठ्यात राष्ट्राध्यक्षाची मुदत सहावरून सात वर्षं, कितीही वेळा उभं राहायची मुभा, मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता रद्द. म्हणजे फेरीवाल्याला म्हातारपणी पेन्शन हवं असेल तर त्याने आधी एका माणसाला हवं तेवढी वर्षं गादीवर बसू द्यायचं. दुसऱ्या गठ्ठ्यात आणीबाणीत माहितीचा हक्क गुंडाळून ठेवायची सोय होती, आणि आणीबाणी किती दिवस चालवायची याची मर्यादाही काढून टाकली होती. हे असं काही वाचलंत की तुम्हालाही प्रश्न पडायला लागतील, आणि प्रश्न पडलेला माणूस टीव्हीपुढे शांत बसू शकत नाही. त्यापेक्षा ‘सहा तास काम मिळतंय, आणखी काय पाहिजे’ एवढं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, यांना पैसे कोण पुरवतं ते विचारा. उत्तराची वाट पाहू नका.

तिसरी, ‘श्रीमंतांची लाडावलेली कार्टी’ म्हणा. चावेझही असंच काहीसं म्हणत. आता आंदोलनात पुढे असलेलं व्हेनेझुएलाचं केंद्रीय विद्यापीठ सरकारी, ही किरकोळ अडचण आहे. तिकडे दुर्लक्ष करायचं. तिथल्या विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाचं नाव स्टालिन गोन्झालेझ होतं. समाजवादी राष्ट्राध्यक्षाला अडवायला स्टालिन उभा! असल्या गोष्टी नजरेआड करायची सवय लावून घ्या. खासगी जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या) विद्यापीठातला विद्यार्थी नेता योन गोइकोएचेआ याचं नाव मात्र वारंवार घ्या, ते सोयीचं पडतं.

चौथी, ‘बंडखोर’ म्हणा. चावेझ हे अधिकाराने म्हणू शकत, कारण 1992 साली त्यांनी स्वतः लष्करी बंड करून तुरुंगवास भोगला होता.

पाचवी, अभ्यासाचा आग्रह धरा. हा उपाय माझ्या काकांना सगळ्यांत प्रिय. काका आणीबाणीत सत्याग्रह करून येरवड्याला राहून आले आहेत. शासनाचं मानधन घेतात, दिवाणखान्यात मानपत्र लावलंय, आणि दर 25 जूनला नातवंडांना समोर बसवून ती कथा ऐकवतात. तेव्हा काका कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. अभ्यास कुणी केला तेव्हा, ते मी विचारलं नाही. लग्नघर होतं.

सहावी, विरोधकाला परक्या देशात ढकलून द्या. ‘नाही’ला मत म्हणजे जॉर्ज बुश यांना मत, असं चावेझ यांनी प्रचाराच्या शेवटच्या सभेत सांगून टाकलं. छान. म्हणजे सात वर्षांची मुदत नको म्हणणारा व्हेनेझुएलाचा नागरिक मतदान करणार वॉशिंग्टनला.

सातवी, ते शांत राहिले तर त्यातही खोट काढा. ही पोरं मे महिन्यात पहिल्यांदा रस्त्यावर आली ती सरकारवर टीका करणाऱ्या आरसीटीव्ही या खासगी वाहिनीचा परवाना सरकारने पुढे चालू ठेवला नाही म्हणून. ती वाहिनीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती; 2002 च्या चावेझविरोधी बंडातली तिची वागणूक लाज वाटावी अशीच होती. पण पोरांनी तळवे पांढऱ्या रंगाने माखले आणि पोलिसांच्या ढालींसमोर हात वर करून उभी राहिली. बोटांच्या पेरांपर्यंत पांढरा रंग, हातात ना दगड ना काठी. ‘नाटकं सगळी’ म्हणायला ही उत्तम संधी, सोडू नका.

7 नोव्हेंबरला हीच पोरं सर्वोच्च न्यायालयावर मोर्चा नेऊन विद्यापीठात परतली. सार्वमत पुढे ढकला एवढंच मागणं होतं. परतल्यावर आवारात तोंड बांधलेली, पिस्तुलं घेतलेली माणसं दिसली. गोळ्या चालल्या, विद्यार्थी जखमी झाले. पिस्तूलधाऱ्यांचे फोटो जगभर छापून आले. सरकारी बाजूने सांगितलं की आपल्याच समर्थक विद्यार्थ्यांना इमारतीत कोंडलं होतं. तेही झालं होतं, नाकारत नाही. पण विद्यापीठाच्या आवारात बुरखे आणि पिस्तुलं आली कुठून, हे विचारायला कुठला काका उठला? पैसे कोणी दिले हे विचारायला मात्र रांग लागते! अशा वेळी काय करायचं, याची युक्ती मला नाही सुचत. तुम्हीच सुचवा. तुम्हाला सवय आहे.

आठवी, मत देऊन काही होत नाही असं पोरांना समजवा. तिथल्या थोरांनी हा प्रयत्न मनापासून केला. निवडणूक आयोग सरकारच्या खिशात, मतदान कशाला करता, घरी बसा. पोरांनी ऐकलं नाही. लोकांना मतदानाला चला म्हणत फिरली, केंद्रांवर साक्षीदार म्हणून बसली. 2 डिसेंबरला मतदान झालं आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर आयोगाच्या अध्यक्षांनी निकाल वाचला. पहिल्या गठ्ठ्याला ‘नाही’ 50.7 टक्के, दुसऱ्याला 51. पहिल्या गठ्ठ्यावर सव्वा लाखाच्या आसपास मतांचा फरक. वर्षभरापूर्वी जवळपास 63 टक्के मतं घेऊन निवडून आलेले चावेझ पहिल्यांदाच मतपेटीत हरले. हे सगळं पोरांनी केलं असंही नाही. आदल्या वर्षी चावेझना मत दिलेले जवळजवळ 30 लाख लोक या वेळी त्यांच्या बाजूने आलेच नाहीत, बरेचसे घरीच राहिले. त्यांना कोणी पैसे दिले होते, काका?

नववी, हरलात तर नाव बदला. फेटाळलेली ‘सुधारणा’ त्याच कार्यकाळात पुन्हा मांडता येत नाही, असं घटनेतच होतं. मग 2009 च्या फेब्रुवारीत तोच कितीही वेळा उभं राहायचा मुद्दा ‘दुरुस्ती’ म्हणून आणला, महापौर-राज्यपालांनाही (तिथे तेही निवडून येतात) तीच मुभा देऊन गाडीत घेतलं, आणि 54 टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर करून घेतला. पोरं तेव्हाही रस्त्यावर होती. अश्रुधूर खाऊन.

पुरे झाले उपाय. मला आता हसत लिहिता येत नाहीये.

काही समजतंय का तुम्हाला? विशीतल्या पोरांनी तो 69 कलमांचा किचकट मसुदा उघडून त्यात काय दडवलंय ते रस्त्यावर येऊन सांगितलं, त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, गोळ्या अंगावर घेतल्या. आणि आपण पंख्याखाली बसून विचारतो, यांना काय कळतं. त्यांच्यातला रिकार्दो सांचेझ पुढे सरकारी गोटात जाऊन बसला, काही जण खासदार झाले. म्हणून 2007 साली त्यांनी दाखवलेलं कलम खोटं ठरतं का? नेता फितूर झाला की कागदावरची अक्षरं बदलतात का?

विद्यार्थी चुकतात, वाहवत जातात, वापरले जातात, हे सगळं मान्य. मग तुम्ही वाचा ना! कोण अडवतंय? कुठलाही मसुदा असो, कुठल्याही सरकारचा, उघडा आणि पोरांची चूक ओळीवर बोट ठेवून दाखवा. ते जमत नसेल तर निदान त्यांच्या बापाचा पगार आणि आईची जात काढणं बंद करा.