पीची पारायणं

इंग्रजीतले लांबलचक शब्द पाठ करायचं ठरवलंच असेल, तर एकच अक्षर धरा. सव्वीसच्या सव्वीस अक्षरांमागे धावणारा माणूस शेवटी अभ्यासू होतो. आपल्याला अभ्यासू व्हायचं नाहीये, विद्वान दिसायचंय, आणि त्याला डिक्शनरीतला एक कप्पा पुरतो. मी पी घेतला. एक्सकडे माल नाही, झेडला गिऱ्हाईक नाही. पीकडे मात्र प्रो, प्री, पर, पॅरा, पॉली, सूडो असे ग्रीक-लॅटिन उपसर्ग रांगेत उभे आहेत. कुठल्याही साध्या शब्दाला यातला एखादा जोडला की त्याचा पोशाखच बदलतो.

सुरुवात सोप्यापासून करा. प्रोक्रॅस्टिनेशन, पंधरा अक्षरं. लॅटिनमध्ये ‘क्रास’ म्हणजे उद्या, म्हणजे सगळा डोलारा ‘उद्यावर ढकलणं’ एवढ्यावरच उभा आहे. पण साहेबांनी रिपोर्टचं विचारल्यावर ‘चालढकल करतोय’ म्हणून बघा. त्याऐवजी चष्मा पुसत, आवाज खाली आणून म्हणा, ‘‘सर, प्रोक्रॅस्टिनेशनचा जरा इश्यू आहे.’’ पहिल्या उत्तराला मेमो मिळतो, दुसऱ्याला सहानुभूती. साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणतील, ‘‘मलाही आहे हो.’’

मग प्युसिलॅनिमसकडे वळा. ‘प्युसिलस’ म्हणजे अगदी चिमुकला, ‘ॲनिमस’ म्हणजे मन. थोडक्यात, भित्रा. या शब्दाची खरी किंमत अशी की तो एखाद्याला तोंडावर ऐकवता येतो आणि तो थँक्यू म्हणतो. पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू, तोही असाच खपतो.

पल्क्रिट्यूडिनस मात्र जपून. अर्थ आहे सुंदर, पण उच्चार ऐकून त्वचेवर काहीतरी उठल्यासारखं वाटतं. ऑफिसातल्या एका बाईंनी मला मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले. मी मनापासून म्हणालो, ‘‘मुलगी अगदी पल्क्रिट्यूडिनस दिसते.’’ त्यांचा चेहरा पडला. ‘‘तसं वजन कमी केलंय तिनं,’’ त्या म्हणाल्या. मी अर्थ सांगेपर्यंत फोन पर्समध्ये गेला होता आणि पर्सची चेन लागली होती. तेव्हापासून मी कौतुकाला ‘छान’ हाच शब्द ठेवला आहे. तुम्ही माझ्याएवढे प्युसिलॅनिमस होऊ नका.

आता एक जोडी. पर्स्पिकेशस म्हणजे ज्याला आरपार दिसतं असा माणूस, आणि पर्स्पिक्युअस म्हणजे ज्यातून आरपार दिसतं असं बोलणं. पहिला शब्द साहेबांसाठी राखून ठेवा. दुसरा तुमच्याच बोलण्याला कोणी लावला, तर समजा साधना कमी पडली.

पीचा आणखी एक गुण म्हणजे तो वेळ आली की तोंडातून निघतच नाही. सायकॉलॉजी, न्यूमोनिया, सूडो या सगळ्यांच्या दारात पी बसलेला असतो, पण हाक मारली तर ओ देत नाही. ग्रीकमधून आलेल्या शब्दांचं हे ठीक आहे. टार्मिगन नावाच्या पक्ष्याचं काय? हिवाळ्यात बर्फासारखा पांढरा होणारा हा पक्षी, त्याचं नाव स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आलं आणि मुळात त्यात पी नव्हता. सतराव्या शतकात ते ग्रीक समजून, ग्रीकमध्ये पंखाला ‘प्टेरॉन’ म्हणतात तेव्हा इथेही पी हवाच, अशा थाटात पुढे एक पी चिकटवला गेला. तो आजतागायत निघालेला नाही. ज्यानं चिकटवला त्याला आपला आद्यगुरू माना.

एवढं पचलं की सूडोसूडोहायपोपॅराथायरॉइडिझम घ्या. तीस अक्षरं, आणि यात पाणी अजिबात घातलेलं नाही, आजार खरा आहे. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हॉर्मोन कमी पडलं की रक्तातलं कॅल्शियम घटतं, हा मूळ आजार. पुढे काही रुग्ण असे सापडले की हॉर्मोन भरपूर, पण शरीर त्याला जुमानतच नाही. म्हणून १९४२ साली फुलर ऑलब्राइट या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला एक सूडो लावला, म्हणजे तोतया. मग १९५२ मध्ये अशी माणसं नोंदवली गेली की बुटका बांधा, गोल चेहरा, आखूड बोटं सगळं त्या तोतयासारखं, पण रक्त ठणठणीत. ऑलब्राइटनी आणखी एक सूडो लावला. तोतयाचा तोतया! पुढे कळलं की बिघाड एकाच जनुकातला. तो आईकडून आला तर एक सूडो, वडिलांकडून आला तर दोन. वडिलोपार्जित संपत्तीत जास्तीचा सूडो मिळतो, तो असा. चारचौघांत हे सांगितलंत तर कोणी उलट प्रश्न विचारणार नाही, कारण प्रश्न विचारायला नाव घ्यावं लागेल.

वाटेत एका माणसापासून सावध राहा. तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात असलेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांनी निबंधांतले साधे शब्द काढून तिथे लांबलचक शब्द भरले आणि लोकांना विचारलं, लिहिणारा किती हुशार वाटतो? लांब शब्दवाला कमी हुशार ठरला. या कामाला २००६ साली साहित्याचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत म्हणून दिलं जाणारं बक्षीस, मिळालं. विद्यापीठ पीचं, विषय पीचा आणि निष्कर्ष हा. घरचा भेदी म्हणतात तो असा. लेख सापडला तर वाचू नका, आणि वाचलात तर साहेबांच्या हाती लागू देऊ नका.

शेवटी कळसाचा शब्द: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. पंचेचाळीस अक्षरं, आणि पहिलंच मुकं. अर्थ असा की ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिकाधूळ छातीत जाऊन जडणारा फुप्फुसाचा विकार. डॉक्टर याला सिलिकोसिस म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. हा शब्द दवाखान्यात जन्मलाच नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेवाल्यांच्या संमेलनात त्यांचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो जोडून काढला. ऑक्सफर्डच्या कोशात तो आहे, पण तिथेही साधारण असंच म्हटलंय की हा बनवलेला शब्द आहे आणि मुख्यतः लांब शब्दाचा नमुना म्हणूनच भेटतो. म्हणजे ज्याला फक्त दिसायचंय, असायचं काहीच नाही, असा हा शुद्ध शब्द. आपल्याच जातकुळीतला.

पाठ करताना तुकडे पाडा. न्यूमोनो, श्वास. अल्ट्रामायक्रोस्कोपिक, हा एका दमात. सिलिको, व्होल्केनो. इथे बहुतेकांची गाडी घसरते, माझी दर वेळी घसरते. घाबरू नका. व्होल्केनोपर्यंत आलात की छातीवर हात ठेवून जोरात ठसका द्या आणि खुणेनं पाणी मागा. विषय फुप्फुसाचाच चाललेला असतो, कोणाला संशय येत नाही.